कोकिओचं फूल आणि वेस्ट विंडसरचा गणपती

अन्याय झाला तो कोकिओवर. गेल्या वर्षी, गणेश चतुर्थीला, बुधवारी सकाळी, आमच्या काचघराची दारं पाहुण्यांसाठी उघडायच्या आधी. हत्यार: शिवणकामाची छोटी कात्री. करणारी व्यक्ती: सुलभाकाकू, मुक्काम वेस्ट विंडसर, न्यू जर्सी, आमच्याकडच्या सगळ्यात मनापासून काम करणाऱ्या स्वयंसेविका. कारण: भक्ती.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'तुझ्या जॉबबद्दल काहीतरी हलकंसं लिही' असं मला सांगण्यात आलं होतं. हलकं मला जमत नाही. पुण्यात कॉलेजात असताना मी टेकडी वाचवायची पत्रकं लिहायचे. पत्रकाला तीनच गोष्टी लागतात. कोणावर अन्याय झाला, कधी झाला, आणि वाचणाऱ्याने आता काय करायचं. पहिल्या दोन सांगून झाल्या. तिसरी शेवटी येईल आणि ती तुम्हालाच लागू आहे, तेव्हा पान उलटून पाककृतींकडे वळू नका.

आधी कोकिओ कोण ते सांगते. कोकिओ ही जास्वंद आहे. पूर्ण नाव कोकिओ उलाउला. हवाईच्या भाषेत उलाउला म्हणजे लाल. पॅसिफिक महासागराच्या मधोमध, कुठल्याही किनाऱ्यापासून लांब, कावाई नावाचं बेट आहे, आणि जगात फक्त तिथल्या डोंगरउतारांवर ही आपोआप उगवते. उगवायची, असं म्हणायची वेळ आली आहे. आता रानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाडं उरलीत. बाकीची गेली कुठे? माणसांनी बोटींतून नेलेल्या डुकरांनी मुळं उकरली. माणसांनीच हौसेने लावलेली परदेशी झाडं रानभर माजली, आणि त्यात सगळ्यात पुढे कोण, तर पेरू! होय, पेरू. आपण मीठ-तिखट लावून खातो त्याचाच एक भाऊबंद. आपल्याकडे शाळेबाहेर टोपलीत गरीब चेहरा करून बसतो, तिकडे जंगलं गिळतो.

आणि 'हवाईची जास्वंद' म्हणून तुम्ही क्रूझवरून जी फुलाफुलांची शर्टं आणता ना, त्यांच्यावरची फुलं बहुतेक बाहेरून आलेल्या संकरित जातींची असतात. घरची उपाशी आणि पाहुणी शर्टावर. मला याचा राग येतो. तुम्हालाही यावा.

मी मध्य न्यू जर्सीतल्या एका काचघरात काम करते. बाहेर बर्फ पडत असतो तेव्हा आत दमट, गरम हवा खेळवून आम्ही लांबच्या बेटांवरची अशी झाडं जगवतो. माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. खरं काम एका शब्दात सांगता येतं: पक्षी. कोकिओचं फूल लाल आणि मधाने भरलेलं असतं, कारण ते पक्ष्यांसाठी घडलंय. कावाईच्या रानातला वाकड्या चोचीचा पक्षी मध प्यायला यायचा, डोक्याला पिवळे पराग लावून पुढच्या झाडाकडे जायचा, आणि तिकडे बी धरायची. ते पक्षीही आता कमी झाले आणि आमच्या शेजारच्या एडिसन गावच्या चिमण्यांना हे काम येत नाही. म्हणून मी. हातात वॉटरकलरचा बारीक ब्रश.

आठवीच्या विज्ञानाच्या तासाला जास्वंद उभी कापली होती आठवतंय? मधला तो लांब दांडा, त्यावर पिवळे दाणे, टोकाला पाच मखमली ठिपके. दाणे म्हणजे पराग, नराचा वाटा. ठिपके म्हणजे मादीचा. दाणे ठिपक्यांवर टेकवायचे, बस्स. एवढ्यासाठी मी मास्टर्स केलं, असं माझे बाबा म्हणतात.

पण मेख अशी की स्वतःचेच पराग स्वतःला लावले तर बी धरली तरी रोप दुबळं निघतं. दुसऱ्या घराण्याचे पराग हवेत. मराठी पाहुण्यांना मी सांगते, 'काका, सगोत्र चालत नाही.' चटकन कळतं. मला गोत्रबित्र अजिबात मान्य नाही, पण कामाला येतं ते वापरायचं.

पाहुणे हा या नोकरीतला वेगळाच भाग. कोकिओसमोर उभं राहून लोकांनी मला काय काय विचारलंय! 'केसांच्या तेलाला हीच लागते ना?' हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न. 'डायबेटिसवर याचा चहा चालतो का?' हा दुसरा. एका जोडप्याने डोहाळजेवणाच्या फोटोशूटसाठी फांदी वाकवून कानामागे घ्यायचा प्रयत्न केला. मी ओरडले, तर होणारे बाबा म्हणाले, 'चिल यार, फक्त टच केलं.' टेक्सासमधल्या प्लेनोहून एका काकांचा फोन आला होता, की त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून 'हवाईयन जास्वंद' आणली आहे आणि एक दुर्मीळ जात वाचवत असल्याचा त्यांना अभिमान वाटतो. फोटो पाठवा म्हटलं. अगदी साधी, बाजारातली, गुलाबी संकरित! मी तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, 'पण बाळा, मी तिच्याशी रोज बोलतो.' अजूनही दर महिन्याला तिचा फोटो येतो. छान वाढलीये, हे मान्य करावंच लागतं.

या सगळ्यात सुलभाकाकू म्हणजे माझा आधार होत्या. मूळच्या सांगलीच्या, मुलाकडे येऊन राहिलेल्या. निखिलदादा आयटीत, सूनही नोकरीत, नातवंडं शाळेत, काकूंना दिवस खायला उठायचा. आठवड्यातून दोनदा मुलगा त्यांना आमच्याकडे सोडायचा. काकू गळणाऱ्या नळ्या शोधायच्या, पानांवरचा चिकटा ओल्या कापसाने पुसायच्या, आणि फुलांना घालायच्या जाळीच्या पिशव्या शिवायच्या. या पिशव्या फार महत्त्वाच्या. कळी उमलायच्या आधी तिला पिशवी घालायची, म्हणजे माशी, मुंगी, कोणीही चुकीचे पराग आणून लावू शकत नाही. विकतच्या पिशव्या जाड असतात, फूल गुदमरतं. काकूंनी जुन्या साडीच्या नेटच्या शिवल्या, नाडीसकट. आमच्या मुख्य बागकाम करणाऱ्या बाई, डोना, तीस वर्षं झाडांत घालवलेल्या, कौतुक न करण्याबद्दल प्रसिद्ध. त्या पिशव्या बघून म्हणाल्या होत्या, 'या बाईंना कुठे जाऊ देऊ नकोस.'

आता मूळ गोष्ट. आमच्याकडची कोकिओ ज्या उतारावरच्या झाडापासून आली, तो उतार दरड कोसळून गेला. म्हणजे त्या घराण्याची शेवटची वंशज न्यू जर्सीत, कुंडीत. दुसरं घराणं कावाईच्या एका बागेत, माझी तिकडची मैत्रीण लानी सांभाळते ते. या दोन घराण्यांचं लग्न लावायचं ठरलं. परवानग्या दोन्ही बाजूंनी मिळवल्या, कारण कधी पराग इकडे येणार, कधी तिकडे जाणार. पण आमची बाई फुलायलाच तयार नाही. आधीच्या वर्षी एकही कळी नाही. त्याआधीच्या वर्षी दोन आल्या, दोन्ही गळल्या.

आणि मग ऑगस्टमध्ये कळी धरली! एकच. रोज सकाळी आधी तिला बघायचं, मग कॉफी. टोकाला लाल रेघ दिसली त्या दिवशी मी लानीला फोन करून इतकी ओरडले की डोनाने केबिनचं दार लावून घेतलं. लानीने तिकडचे पराग सुकवून, गार डब्यात पाठवले. पोहोचले. फ्रीजमध्ये ठेवले. मंगळवारी दुपारी कळी अशी तट्ट फुगली की आता उमलते का मग उमलते. मी तिला काकूंनी शिवलेली पिशवी घातली. काकू शेजारीच उभ्या होत्या.

'उद्या फुलेल ना गं?' त्यांनी विचारलं.

'नक्की, काकू! उद्या सकाळी! उद्याचा दिवस फार मोठा आहे!'

'हो ना,' काकू म्हणाल्या, 'मोठाच.'

मी कोकिओबद्दल बोलत होते. त्या गणपतीबद्दल.

बुधवारी काकूंचा यायचा दिवस नव्हता. तरी त्या भल्या सकाळी आल्या, निखिलदादाने घाईघाईत आणून सोडलं, बाहेर गाडी चालू ठेवून थांबला, आणि पाच मिनिटांत घेऊनही गेला. मी तेव्हा मागच्या खोलीत लानीचे पराग फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला आणत बसले होते. ब्रश अंबाड्यात खोचला, काचेची कुपी हातात घेतली, आणि लग्नघरातल्या करवलीसारखी मिरवत बाहेर आले.

फूल नव्हतं.

हिरवा देठ होता, तिरका, स्वच्छ कापलेला. आणि कुंडीच्या काठावर जाळीची पिशवी, घडी घालून, नाडी गुंडाळून ठेवलेली. चोर पिशवीची घडी घालत नाही. मला तिथेच कळलं.

'डोना, सुलभाकाकू आल्या होत्या?'

'हो, आत्ताच गेली. खूप खूश होती,' डोना म्हणाल्या. 'तिच्या घरी दहा वाजता देव येणार आहे म्हणाली. आपल्यालाही काहीतरी गोड आणून देणार आहे.'

मी देठ दाखवला. डोना मटकन खाली बसल्या. त्यांना काम चालू असताना बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आता डोकं भराभर चालायला लागलं. फूल कापलं म्हणजे आई होणं संपलं. बी देठाशी धरते, आणि देठ तर इथेच राहिला. पण बाप? बाप होता येईल! कापलेल्या जास्वंदीतले पराग त्या दिवशी जिवंत असतात. ते कोरडे मिळाले, तर लानीच्या झाडाला लावता येतील. तिच्या झाडावर कळ्या आहेत. घराणं वाचतं! अट एकच. कोरडे. परागाला पाणी लागलं की ते फुगून फुटतात, संपतात.

आणि हे फूल चाललं होतं कुठे, तर पूजेला. जिथे पाणी शिंपडतात. हळद-कुंकू वाहतात. आणि जिथे मूर्ती मातीची असली की तिला आंघोळ घालता येत नाही म्हणून फूल पंचामृतात बुडवून मूर्तीवर शिंपडतात. फूल! पंचामृतात!

काकूंना फोन केला. वाजून वाजून बंद. निखिलदादाला केला. व्हॉइसमेल. गाडी काढली. रूट वनवर शाळेच्या बसमागे अडकले, कारण अडकायचंच होतं. सिग्नलला उभी असताना मनातल्या मनात पत्रक लिहीत होते, 'फूलचोर समाजाला जाहीर सवाल.' शेजारच्या सीटवर लानीच्या परागांची कुपी, आता काही उपयोग नसलेली, तरी हातातून सुटली नव्हती म्हणून आलेली.

दार निखिलदादाच्या बायकोने उघडलं, अनघावहिनीने, दोन्ही हात उकडीने भरलेले. 'अगं, तू? ये ये, बरी आलीस, सारण चाखून—' मी तिला ओलांडून आत. सॉक्सवर धावत.

हॉलमध्ये मखर. निखिलदादा सोवळं नेसून पाटावर, समोर लॅपटॉप, लॅपटॉपवर सांगलीचे गुरुजी. शेजारी दुसरा लॅपटॉप, त्यावर ऑफिसची मीटिंग, म्यूट केलेली. काकू पैठणीत. आणि तबकात, दुर्वा आणि दुकानातल्या शेवंतीच्या मधोमध, माझी कोकिओ. लाल, ताठ, दांडा पुढे काढून. अजून कोरडी!

'पंचामृतात फूल बुडवा आणि देवावर प्रोक्षण करा,' गुरुजी म्हणाले. निखिलदादाने डोळे मीटिंगवर ठेवूनच हात तबकात घातला आणि हाताला आलं ते फूल उचललं. लाल.

'थांबा!' मी ओरडले.

निखिलदादाचा हात पंचामृताच्या वाटीवर थांबला. चार बोटांवर.

'कोण ओरडलं?' गुरुजी स्क्रीनला कान लावून म्हणाले. 'निखिल, म्यूट झालंय का काही?'

'मृण्मयी!' काकू उठल्या. 'अगं, पूजा चाललीये. हा काय प्रकार?'

'काकू, ते फूल खाली ठेवायला सांगा. ते तुमचं नाही.'

'माझं नाही म्हणजे? मी त्या झाडाची पानं पुसते रोज!'

'आठवड्यातून दोनदा.'

'बोर्डवर काय लिहिलंय? हात लावू नका. मी हात लावला नाही. कात्रीने कापलं.'

'काकू!'

'आणि एकच फूल गं. अजून येतील की. सांगलीला आमच्या परसात जास्वंद होती, जितकी तोडावी तितकी फुलायची. तोडल्याशिवाय जोर धरतच नाही ती.'

'ती वेगळी! ही दोन वर्षांनी फुलली!'

'मग तर झालंच,' काकूंचा आवाज चिरकला. 'गेली सहा वर्षं मी त्याला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातली कापडाची जास्वंद वाहतेय. कापडाची! तीच ती, धुऊन दर वर्षी. मूर्तीपुढे उभी राहिले की लाज वाटते. या वर्षी खरी मिळाली, चतुर्थीलाच उमलली, मी डोळ्यांनी पाहिली. तूच म्हणालीस मोठा दिवस आहे. सगळ्यात चांगलं असेल ते त्याला द्यायचं नाही, तर काय सुपरमार्केटचा कार्नेशन वाहायचा?'

कार्नेशनचं मला पटलं. पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. 'चोरलेलं चालतं का देवाला, विचारा गुरुजींना!'

गुरुजींचा चेहरा स्क्रीनवर गोठला. वायफाय गेलं की त्यांनी सोय पाहिली, हे आजपर्यंत मला कळलेलं नाही.

पाटावरून निखिलदादा बोलला. त्याचा हात अजून हवेतच. 'एक मिनिट. मृण्मयी, रिक्वायरमेंट काय आहे नक्की? तुला पूर्ण फूल हवंय?'

'नाही. पराग. ते पिवळे दाणे.'

'आणि आई, तुला?'

'मला फूल वाहायचंय रे.'

'मग दाणे हिला दे, लाल देवाला दे. इश्यू काय आहे?'

इतका साधा मार्ग मला सुचला नव्हता, कारण मी भांडायला आले होते. गुरुजी तेवढ्यात परत हलायला लागले. 'चालेल, चालेल, मुहूर्त चाललाय,' ते घाईने म्हणाले. 'पंचामृताला शेवंती घ्या.' म्हणजे सगळं ऐकत होते!

मी अंबाड्यातला ब्रश काढला. 'काकू, बटर पेपर. आणि एखादी कोरडी डबी. अगदी कोरडी, कुंकू-बिंकू लागलेली नको.'

काकू पैठणी सावरत धावल्या. न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी घरात संक्रांतीच्या वाणाचा एक खण असतो, कधीच न वापरलेल्या डब्यांचा. त्यातली चकचकीत स्टीलची एक आली. निखिलदादाने फूल तिरकं धरलं. गुरुजी थांबले. मीटिंगमधला कोणीतरी 'निखिल, आर यू देअर?' विचारत राहिला. मी श्वास रोखून दांड्यावरून ब्रश फिरवला आणि कागदावर सोन्यासारखे दाणे पडले. भरपूर! लानीला पाच-सहा फुलं करता येतील इतके! मी घाईघाईने कागद वेडावाकडा दुमडायला लागले. काकूंनी माझ्या हातातून कागद काढून घेतला.

'दे इकडे, सांडशील.' आणि अंगाऱ्याची पुडी बांधतात तशी, एका हाताने, कडा आत खोचून, पुडी केली. डबीत ठेवली. झाकण दाबलं. मग निखिलदादाच्या हातातून फूल घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि वाहिलं.

खरं सांगते, त्या मूर्तीवर ते फूल जसं दिसलं तसं आमच्या काचघरात कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्याच क्षणी मला स्वतःचा राग आला. काकूंचा तर होताच.

दुपारी लानी उठल्यावर फोन केला. सगळं ऐकून ती इतकी हसली की फोन खाली पडला. मग गंभीर झाली. तिच्याकडेही देवाला रानातून काही आणायचं तर आधी झाडाला विचारायची रीत आहे, म्हणाली. 'तुमच्या काकूंनी विचारलं होतं का?' मी म्हटलं, काकूंनी फक्त 'उद्या फुलेल ना' एवढंच विचारलं होतं, आणि तेही मला.

डबी विमानाने गेली. लानीने ते पराग लावलेलं पहिलं फूल गळलं. दुसरं धरल्यासारखं झालं आणि गळलं. आमच्या धंद्यात बहुतेक लग्नं अशीच मोडतात, पाहुण्यांना आम्ही ते सांगत नाही. लानीचे मेसेज यायचे, फक्त एक उदास चेहरा. आणि मग एका पहाटे, तिकडे आदला दिवस संपत असताना, लानीकडून फोटो आला. देठावर हिरवी, टोकदार, भरलेली शेंग! लानीच्या अंगठ्याएवढी! मी स्वयंपाकघरात एकटी नाचले. खाली राहणाऱ्या आजोबांनी छताला काठी लावली, तरी नाचले.

आता कबूल न करण्यासारखं काही नाही, तेव्हा हेही सांगते. वरच्या ऑफिसने विचारलं कोणी कापलं, तेव्हा मी नाव सरळ सांगितलं. लपवायचं कशाला? काकूंचं येणं बंद झालं. नियम म्हणजे नियम, मी आजही त्याच्या बाजूने आहे. पण पिशव्या संपल्या. विकतच्या आल्या, लोबेलिया नावाच्या एका मौल्यवान झाडाची फुलं आत बुरसटली. पानांवर चिकटा चढला. सकाळी काचघरात कोणी कोणाला 'आज तोंड का उतरलंय गं' असं विचारीना. त्याचं वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं म्हणून मत बदलत नाही.

हिवाळ्यात एका शनिवारी काकू तिकीट काढून आल्या. पाहुण्यांच्या दाराने, पाहुण्यांच्या रांगेतून. हातात पिशवी, पिशवीत नेटच्या नव्या पिशव्या, तीन मापांच्या. कोकिओसमोर उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून. बराच वेळ. मी जवळ गेले.

'शेंग धरली म्हणे,' त्या म्हणाल्या. निखिलदादाला मीच कळवलं होतं.

'धरली.'

'अजून रागावली आहेस?'

'हो.'

'बरोबर आहे,' काकू म्हणाल्या. 'मीही रागावले आहे तुझ्यावर. पूजेत ओरडलीस.' मग हळूच, 'रोप झालं की मला दाखवशील?'

मागे डोना उभ्या होत्या. त्यांनी पिशव्या उचलल्या, शिवण उलटसुलट पाहिली, आणि म्हणाल्या, 'मंगळवारपासून ये. कात्री घरी ठेव.'

शेंग पिकली. बिया इकडे-तिकडे वाटून घेतल्या, आणि आमच्या वाट्याची एक रुजली! आज मी हे लिहिते आहे तेव्हा आमच्या काचघरात दोन घराण्यांचं एक लेकरू उभं आहे, गुडघ्याएवढं, पानं तेलकट चमकणारी. तसं दुसरं रोप या किनाऱ्यावर मला माहीत नाही. डोनाचा अंदाज आहे की पुढच्या वर्षी, चतुर्थीच्या आगेमागे, पहिली कळी धरेल. काकूंनी ते ऐकलं आणि त्या दिवशी दोन वेळा पानं पुसली.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, चकलीचा हात पुसा आणि ऐका.

तुम्ही सकाळी फिरायला जाता तेव्हा शेजाऱ्यांच्या कुंपणावरून वाकून फूल तोडता, हे मला माहीत आहे. मी तुम्हाला वेस्ट विंडसरमध्ये पाहिलंय, एडिसनमध्ये पाहिलंय, पिशवी घेऊन. तुम्हाला वाटतं देवासाठी तोडलं तर ते तोडणं नसतं. असतं. जो आधी उठतो त्याचं फूल होत नाही. ज्याचं झाड त्याचं, आणि त्याच्याही आधी झाडाचं.

काकूंचं म्हणणं मात्र मी खोडू शकत नाही. देवाला कापडाची जास्वंद वाहायची वेळ कोणावर येऊ नये. म्हणून काकूंनी आणि मी साध्या, लाल, घरगुती जास्वंदीच्या फांद्या लावून रोपं केलीत. ही जास्वंद खरंच तोडली की जोर धरते. थंडीत तिला फक्त दक्षिणेकडची एक खिडकी लागते आणि रोज बघणारं कोणीतरी. काचघरात या आणि एक घेऊन जा. प्लेनोच्या काकांसारखं तिच्याशी बोललात तरी चालेल. पुढच्या चतुर्थीला तुमच्या गणपतीवर तुमच्या खिडकीतलं फूल हवं.

आणि ते घेऊन झालं की जाता जाता कोकिओच्या लेकरासमोर थांबा. कळी असेल तर ती उमलेपर्यंत, बी धरेपर्यंत, पुढच्या सगळ्या चतुर्थ्या संपेपर्यंत ती तिचीच आहे. बघा, हवं तितका वेळ बघा. हात पाठीमागे बांधून.